एका वचनाचे दोन तुकडे: पृथ्वीची राखण, मानवी क्लोनिंग आणि ख्रिस्ती विचार

बायबलच्या पहिल्याच अध्यायात, २६ ते २८ या तीन वचनांत, दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. पहिली, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा असा निर्माण केला. दुसरी, समुद्रातले मासे, आकाशातले पक्षी आणि जमिनीवर फिरणारे प्राणी यांच्यावर त्याला सत्ता दिली आणि पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगितली.

ख्रिस्ती जगातले दोन मोठे नैतिक वाद इथूनच सुरू होतात. जंगलं, नद्या, हवामान यांच्याशी माणसानं कसं वागावं, हा एक. माणसाची जनुकीय प्रत, म्हणजे क्लोन, तयार करावी का, हा दुसरा. पहिल्या वादात लोक 'सत्ता' हा शब्द घेऊन बसतात, दुसऱ्यात 'प्रतिरूप'. हे दोन शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत, हे मात्र विसरलं जातं. पर्यावरणावर पोटतिडकीने बोलणारे अनेकजण भ्रूणाचा विषय निघाला की गप्प होतात, आणि भ्रूणासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या अनेकांना विषारी नदीबद्दल काही म्हणायचं नसतं. मला हे फार खटकतं. ख्रिस्ती विचारात या दोन प्रश्नांची मुळं एकच आहेत आणि ती एकत्र पाहिल्याशिवाय कोणताच प्रश्न धड कळत नाही. ते समजून घ्यायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

एका इतिहासकाराचं आरोपपत्र

१० मार्च १९६७ रोजी 'सायन्स' या नियतकालिकात लिन व्हाइट या इतिहासकाराचा एक लेख छापून आला. व्हाइट मध्ययुगीन युरोपच्या तंत्रज्ञानाचे अभ्यासक. उत्तर युरोपात जड नांगर आला आणि माणसाचं जमिनीशी असलेलं नातं कसं बदललं, अशा गोष्टींवर त्यांचं काम होतं. पर्यावरणाच्या संकटाची मुळं शोधताना त्यांनी थेट धर्माकडे बोट दाखवलं. जगाने पाहिलेल्या धर्मांपैकी सर्वांत जास्त माणूसकेंद्री धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्म, विशेषतः त्याचं पश्चिमेकडचं रूप, असं त्यांनी लिहिलं. झाडात, झऱ्यात, डोंगरात वास करणारी दैवतं या धर्माने हुसकावून लावली. मग झाड तोडताना कुणाची परवानगी मागायची उरलीच नाही.

हा आरोप बाहेरच्या माणसाचा नव्हता. व्हाइट स्वतः ख्रिस्तीच होते, आणि दुखणं धर्मातून आलंय तर औषधही धर्मातच शोधावं लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी औषध सुचवलंही: असिसीचा फ्रान्सिस. तेराव्या शतकातला हा संत सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणायचा. पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून त्याचं नाव व्हाइटनी पुढे केलं आणि बारा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७९ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला अधिकृतपणे तो मान दिला.

आरोप खरा होता का? अर्धा खरा होता, असं मला वाटतं. 'सत्ता दिली' या शब्दांच्या आड लपून जमीन ओरबाडली गेली, हे नाकारता येत नाही. पण ज्या वचनावर हे सगळं ढकललं गेलं ते मूळ हिब्रूत वाचलं की चित्र गुंतागुंतीचं होतं.

सत्ता म्हणजे काय

त्या वचनात दोन क्रियापदं आहेत. 'काबाश' म्हणजे ताब्यात आणणं. हा शब्द कठोरच आहे. बायबलमध्ये तो जिंकलेल्या प्रदेशाबद्दल येतो, गुलाम केलेल्या माणसांबद्दलही येतो. त्याला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दुसरं क्रियापद 'रादा', म्हणजे राज्य करणं. हे मात्र राजाचं क्रियापद आहे, आणि राजा चांगलाही असतो, वाईटही. लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात चाकरीला राहिलेल्या माणसावर 'कठोरपणे' रादा करू नका, असं बजावलं आहे. यहेज्केल संदेष्टा ३४व्या अध्यायात मेंढपाळांना, म्हणजे राज्यकर्त्यांना, याच क्रियापदाने फटकारतो: तुम्ही दुबळ्यांना बळ दिलं नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, जुलमाने राज्य केलंत. म्हणजे जुलूम त्या शब्दात आधीपासून भरलेला नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सत्ता दिल्यानंतरच्या लगेचच्या वचनांत माणसाला खायला काय दिलं आहे? धान्य आणि फळं. प्राण्यांना हिरवा पाला. मांस खायची परवानगी येते ती पुढे नवव्या अध्यायात, जलप्रलय होऊन गेल्यावर. म्हणजे त्या पहिल्या सत्तेत मारण्याचा हक्कच नव्हता.

दुसऱ्या अध्यायात तर भाषाच बदलते. देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. मशागतीसाठी मूळ शब्द आहे 'आवद', ज्याचा अर्थ सेवा करणं असाही होतो. राखणीसाठी 'शामर'. हा शामर शब्द पुढे लगेच पुन्हा भेटतो. काइन आपल्या भावाचा, हाबेलचा, खून करतो आणि देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तेव्हा काइन म्हणतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिथे हाच शब्द आहे. बागेची राखण आणि भावाची राखण, एकच क्रियापद. माझ्या मते या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच.

मालक कोण

राखणदार म्हटलं की मालक दुसराच कुणीतरी असतो. स्तोत्रसंहितेतलं २४वं स्तोत्र सुरुवातीलाच सांगतं की पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचं आहे. आणि का? तर त्यानेच तिचा पाया घातला म्हणून. घडवणारा तोच मालक, असा हा साधा न्याय आहे.

या न्यायातून अगदी रोखठोक कायदे निघाले. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तिला विसावा द्यायचा. पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची, कारण, लेवीयच्या शब्दांत, जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे राहणारे परके व पाहुणे आहात. शहराला वेढा घातला तरी फळझाडं तोडायची नाहीत. घरटं सापडलं तर पिल्लांबरोबर आईला पकडायचं नाही, तिला उडून जाऊ द्यायचं. एवढंच नाही, लोकांनी जमिनीला तिचा विसावा दिला नाही तर ते देशोधडीला लागतील आणि मग जमीन आपली राहिलेली विश्रांती वसूल करील, असा इशाराही आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी समाजाने जमिनीला स्वतःचा हक्क असलेली बाजू मानलं, याचं मला आजही नवल वाटतं.

नव्या करारात, म्हणजे येशूनंतर लिहिल्या गेलेल्या बायबलच्या दुसऱ्या भागात, यासाठी 'कारभारी' हा शब्द येतो. ग्रीकमध्ये 'ओइकोनोमोस', दुसऱ्याच्या घरचा व्यवहार सांभाळणारा. त्यातला 'ओइकोस' म्हणजे घर, आणि इकॉनॉमी व इकॉलॉजी हे दोन्ही शब्द त्याच घरातून निघाले आहेत. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिनने एदेन बागेच्या वचनावर भाष्य लिहिताना म्हटलं की प्रत्येकाने आपल्याकडे असलेल्या सगळ्या गोष्टींत स्वतःला देवाचा कारभारी समजावं. जमीन वापरावी, पण पुढच्यांच्या हाती ती मिळाली तशी किंवा अधिक चांगली सोपवावी. व्हाइटच्या चारशे वर्षं आधीचं हे लिखाण आहे.

कारभारी ही कल्पना सगळ्यांना पुरेशी वाटत नाही, आणि त्यांचं ऐकण्यासारखं आहे. कारभारी म्हटलं की देव दूर गेलेला जमीनदार वाटतो आणि सगळी सृष्टी जणू माणसाच्या व्यवस्थापनाची वाट पाहत ताटकळली आहे, असं होतं. प्रत्यक्षात अरण्याला व्यवस्थापक लागत नाही. बायबलमधल्या ईयोब या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात देव विचारतो, जिथे एकही माणूस राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो? माणसाचा काडीचाही फायदा नसलेला तो पाऊस देवाला महत्त्वाचा आहे. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडची ख्रिस्ती, परंपरा म्हणूनच माणसाला सृष्टीचा याजक म्हणते: जग हाती घेऊन ते कृतज्ञतेने देवाला परत अर्पण करणारा. तर पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या पत्रात घर आणि नातं यांची भाषा वापरली. पृथ्वी हे आपलं सामायिक घर, आणि गरिबांचा आक्रोश व पृथ्वीचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, हा त्या पत्राचा गाभा.

संस्थांच्या पातळीवरचा प्रवास थोडक्यात असा. १९८९मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे कुलपती दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. २०१५मध्ये कॅथलिक चर्चनेही तो स्वीकारला. दिमित्रिओस यांच्यानंतर आलेले कुलपती बार्थोलोमिओस यांनी १९९७मध्ये सृष्टीची नासधूस करणं हे पाप आहे, असं स्पष्ट सांगितलं. प्रॉटेस्टंटांपैकी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या, गटात मात्र सरळ फूट दिसते. २०००च्या 'कॉर्नवॉल जाहीरनाम्या'ने हवामानाची भीती अवाजवी ठरवून बाजार आणि विकासावर भर दिला. २००६मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल नेत्यांच्याच दुसऱ्या गटाने हवामानबदल खरा आहे आणि त्याचा सर्वांत मोठा फटका गरिबांना बसणार आहे, असं निवेदन काढलं.

अनेकांच्या मनात एक शंका असते: शेवटी सगळं जळूनच जाणार असं बायबल म्हणतं ना, मग जपायचं कशाला? ती पेत्राच्या दुसऱ्या पत्रातल्या एका वचनावर उभी आहे. पण त्या वचनाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पृथ्वी आणि तिच्यावरची कामं 'जळून जातील' असं नसून 'उघडी पडतील' अशा अर्थाचा शब्द आहे. हिशेब द्यावा लागेल, असा त्याचा रोख. येशूचा प्रेषित पौलही बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेणा सोसत कण्हते आहे असं म्हणतो. वेणा नव्या जन्मासाठी असतात.

डॉली आणि त्यानंतर

आता वचनाच्या दुसऱ्या तुकड्याकडे.

५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये एक कोकरू जन्मलं. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. दुसऱ्या जातीच्या मेंढीचं बीजांड घेऊन त्यातलं केंद्रक, म्हणजे जवळजवळ सगळा डीएनए असलेला गाभा, काढून टाकलं. मग ती पेशी आणि ते रिकामं बीजांड विजेच्या झटक्याने एकजीव केले आणि तयार झालेला भ्रूण तिसऱ्याच मेंढीच्या गर्भाशयात वाढवला. नराचा संबंध कुठेच नव्हता. डॉली ही पहिल्या मेंढीची जनुकीय प्रत होती, जवळजवळ पूर्ण. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात असलेला थोडासा डीएनए मात्र बीजांडाकडून आला. असे २७७ प्रयत्न झाले, त्यातून २९ भ्रूण गर्भाशयात सोडण्यापर्यंत पोचले आणि जन्मली एकटी डॉली.

१९९७च्या फेब्रुवारीत ही बातमी फुटली आणि पहिला प्रश्न उमटला तो माणसाचा. त्याच वर्षी युनेस्कोच्या जाहीरनाम्याने माणूस जन्माला घालण्यासाठीचं क्लोनिंग मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवलं. २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी क्लोनिंगविरोधी घोषणा ८४ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर केली. ३७ देश तटस्थ राहिले. मूल जन्माला घालणं चूक, यावर जवळपास सगळे एक होते. मतं फुटली ती उपचारांसाठी भ्रूण बनवण्यावर.

चर्च मात्र झोपेतून उठल्यासारखं जागं झालं नव्हतं. कॅथलिक चर्चने डॉलीच्या नऊ वर्षं आधी, १९८७च्या 'दोनुम विते' या शिकवणुकीतच मानवी क्लोनिंग नाकारलं होतं. आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचा जनुकीय तंत्रज्ञानावरचा अभ्यासगट डॉलीच्या आधीच काम करत होता. त्याच्या सदस्यांत इयन विल्मट होते, म्हणजे डॉली घडवणाऱ्या चमूचे प्रमुखच. प्रयोगशाळा आणि चर्च एकाच टेबलाशी बसले होते, हे या विषयावरच्या गदारोळात कुणी फारसं सांगत नाही.

क्लोनला आत्मा असेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सर्वांत सोपं आहे. हो, असेल.

एकसारखी जुळी हे निसर्गाने केलेले क्लोनच असतात. त्यांचा डीएनए एक, गर्भाशय एक, जन्मवेळही जवळजवळ एक. म्हणजे प्रयोगशाळेतला क्लोन मूळ माणसाला जितका जवळ असेल त्याहून जुळी एकमेकांना अधिक जवळ असतात. तरी दोघांत मिळून एकच आत्मा आहे, असं कोणत्याही चर्चने कधी म्हटलेलं नाही. कॅथलिक शिकवणीनुसार प्रत्येक आत्मा देव स्वतः निर्माण करतो. तो आईबापांकडून वारशाने येत नाही. म्हणून क्लोन जन्मला तर तो पूर्ण माणूस असेल, देवाच्या प्रतिरूपाचा असेल, आणि त्याच्या जन्माची रीत चुकीची असली तरी त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी नसेल. ल्यूथरन विचारवंत टेड पीटर्स यांनी डॉलीच्या काळात हे ठामपणे मांडलं. आत्म्याची भीती बाजूला ठेवा, म्हणाले, मुलाच्या प्रतिष्ठेबद्दल बोला.

जन्मलेलं की बनवलेलं?

मग हरकत नेमकी कशाला? इथे मला वाटतं सर्वांत खोल उत्तर इंग्लंडमधले अँग्लिकन विचारवंत ऑलिव्हर ओडोनोव्हन यांनी दिलं. १९८४ साली, डॉलीच्या बारा वर्षं आधी. त्यांनी धागा पकडला तो चौथ्या शतकातल्या निकेयाच्या श्रद्धावचनाचा, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या थोडक्यात मांडलेल्या कबुलीचा. त्यात येशूबद्दल म्हटलं आहे: जन्मलेला, घडवलेला नव्हे. तो वाद अर्थात देवाच्या स्वरूपाबद्दल होता, प्रयोगशाळेबद्दल नव्हे. पण फरक माणसांनाही लागू पडतो. आपण ज्याला जन्म देतो तो आपल्यासारखाच असतो, आपल्या बरोबरीचा. आपण जे बनवतो ते आपल्या हाताखालचं असतं. त्याचा आराखडा आपण ठरवतो, त्यात खोट निघाली तर ते टाकून देतो.

आता २४वं स्तोत्र आठवा. घडवणारा तोच मालक. पृथ्वी आपण घडवली नाही म्हणून ती आपली नाही, हा पर्यावरणाचा सगळा युक्तिवाद. मग एखाद्या माणसाला आपण आराखड्यानुसार घडवलं, त्याचे डोळे, बांधा, जनुकीय दुखणी सगळं आधी ठरवून, तर त्याच न्यायाने आपण त्याचे मालक झालो! कॅथलिक चर्चने २००८च्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात याला जैविक गुलामगिरीचा प्रकार म्हटलं आहे. तो शब्द मला अतिरेकी वाटत नाही. मेलेल्या मुलाची जागा भरायला केलेला क्लोन रोज सकाळी उठून दुसऱ्याचं आयुष्य जगायला बांधलेला असेल. त्याच्याबद्दलची प्रत्येक अपेक्षा त्याच्या आधीच जगून झालेली असेल.

याविरुद्ध बोलणारे ख्रिस्ती पठडीतलेच लोक होते. १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत एपिस्कोपल धर्मगुरू राहिलेले नीतिविचारक जोसेफ फ्लेचर म्हणत, की ठरवून, निवडून, नियंत्रणाखाली झालेली निर्मिती ही अपघाताने झालेल्या गर्भधारणेपेक्षा जास्त मानवी आहे, कारण विचार करून निवडणं हेच तर माणसाचं वैशिष्ट्य. मेथडिस्ट विचारवंत पॉल रॅम्झी यांनी त्यांना कडाडून विरोध केला. रॅम्झींचं गाजलेलं म्हणणं असं, की माणसांनी आधी माणूस व्हायला शिकावं, त्याआधी देव होऊ पाहू नये. आणि एकदा माणूस व्हायला शिकली की ती देव व्हायला जाणारच नाहीत. पुढे फिलिप हेफनर यांनी माणसाला 'निर्मिलेला सहनिर्माता' म्हटलं. देवाने घडवलेला, पण घडवण्याचं कामही ज्याच्यावर सोपवलं असा. हा विचार मला मोलाचा वाटतो, कारण तो नसेल तर प्रत्येक औषध, प्रत्येक शस्त्रक्रिया ही देवाच्या कामात ढवळाढवळ ठरेल, आणि आजाऱ्यांना बरं करणाऱ्या येशूचे अनुयायी तसं म्हणू शकत नाहीत.

रेषा कुठे ओढायची, हे अवघड आहे. कॅथलिक चर्च टेस्ट ट्यूब बेबीलाही नकार देतं; बहुतेक प्रॉटेस्टंट चर्च विवाहित जोडप्यासाठी तो मार्ग कमीअधिक अटींसह स्वीकारतात. मूल न होण्याचं दुःख बायबलला परकं नाही. बायबलमधली राहेल आपल्या नवऱ्याला, याकोबाला, म्हणते, मला मुलं दे नाहीतर मी मरेन. तिच्या जागी असलेल्या बाईला तत्त्वज्ञान ऐकवणं हा निर्दयपणा होईल. तरीही मला फरक दिसतो. उपचार जोडप्याला मूल होण्यात मदत करतो आणि ते मूल कोण असेल हे मोकळं सोडतो. क्लोनिंग तेच बंद करून टाकतं.

पेशींसाठी बनवलेला भ्रूण

मूल जन्माला न घालता, फक्त मूलपेशी, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी, मिळवण्यासाठी क्लोन भ्रूण तयार करणं हा वेगळा प्रश्न. अशा पेशी रुग्णाच्या शरीराशी जुळतील आणि खराब झालेले अवयव दुरुस्त करता येतील, ही आशा. त्यासाठी काही दिवसांचा भ्रूण मोडावा लागतो. तो भ्रूण माणूस आहे, असं कॅथलिक चर्च पहिल्या क्षणापासून मानतं. ऑर्थोडॉक्स चर्चांची भूमिकाही जवळपास तीच. प्रॉटेस्टंटांत मतं विखुरलेली आहेत, काहींच्या मते नैतिक दर्जा गर्भाच्या वाढीबरोबर वाढत जातो. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने २०००मध्ये एक समतोल भेद केला: माणसाचं क्लोनिंग नको, पण सुट्या पेशी आणि ऊतींच्या क्लोनिंगने व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर घाला येत नाही. तोच दस्तऐवज पुढच्याच प्रकरणात पर्यावरणाकडे वळतो. दोन्ही तुकडे तिथे एकत्र आहेत.

या वादात एक गोष्ट हमखास मागे पडते: बीजांडं येतात कुठून? दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५मध्ये मानवी क्लोन भ्रूणातून मूलपेशी मिळवल्याचे दावे केले. ते खोटे निघाले आणि २००६च्या जानेवारीत ते शोधनिबंध मागे घेतले गेले. पण त्या खोट्यापायी स्त्रियांकडून दोन हजारांहून अधिक बीजांडं घेतली गेली होती. संप्रेरकांची इंजेक्शनं, शस्त्रक्रिया, धोका, सगळं त्यांच्या अंगावर. संयुक्त राष्ट्रांच्या घोषणेत स्त्रियांचं शोषण रोखण्याचं कलम आहे ते उगाच नाही. जमीन असो की शरीर, कच्चा माल म्हणून पाहिलं की काय होतं ते इथे दिसतं.

२०१३मध्ये अमेरिकेत शूख्रात मितालिपोव यांच्या चमूने मानवी क्लोन भ्रूणातून मूलपेशी खरोखर मिळवून दाखवल्या. पण तोवर वादाची धार बोथट होत चालली होती. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या साध्या पेशी मागे वळवून मूलपेशींसारख्या करून दाखवल्या होत्या. भ्रूण नको, बीजांड नको. २०१२चं नोबेल त्यांना मिळालं, बेडकांवर केंद्रक बदलाचे प्रयोग करणाऱ्या जॉन गर्डन यांच्याबरोबर. अनेक ख्रिस्ती नीतिविचारकांनी या वाटेचं मनापासून स्वागत केलं. 'हे करू नका' म्हणणाऱ्यांनी 'हे करा' म्हणण्याची अशी संधी सोडायला नकोच होती.

दोन्ही वाद एका प्राण्यापाशी

'लाउदातो सी'च्या १३६व्या परिच्छेदात पोप फ्रान्सिस यांनी नेमकं त्या विसंगतीवर बोट ठेवलं आहे, जी मला सुरुवातीपासून खटकते. निसर्गासाठी विज्ञानाला मर्यादा घाला म्हणणाऱ्या चळवळी कधीकधी मानवी भ्रूणांवरच्या प्रयोगांना मात्र तीच मर्यादा लावत नाहीत, असं ते म्हणतात. उलटी विसंगतीही तितकीच खरी आहे, आणि त्या पत्राचा बाकी सगळा भाग त्या दुसऱ्या लोकांना उद्देशून वाचता येतो.

पण क्लोनिंग आणि राखण नेहमीच विरुद्ध बाजूंना उभे असतात असंही नाही. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात काळ्या पायांचं फेरेट नावाचा मुंगसासारखा लांबट प्राणी राहतो. त्याचं खाणं म्हणजे प्रेअरी डॉग हे बिळात राहणारे कुरतडणारे प्राणी. त्यांना माणसांनी विष घालून मारलं, प्लेगनेही मारलं, आणि फेरेट नामशेष झाले असं समजलं गेलं. १९८१मध्ये वायोमिंगमध्ये एका गोठ्यावरच्या कुत्र्याने मेलेलं फेरेट घरी आणलं, तेव्हा कळलं की काही उरले आहेत. आज जिवंत असलेले जवळपास सगळे फेरेट सात प्राण्यांचे वंशज आहेत. इतक्या थोड्यांपासून वाढलेल्या वंशात आजारांशी झुंजायला लागणारी विविधता नसते.

१० डिसेंबर २०२०ला एलिझाबेथ अॅन नावाची फेरेट मादी जन्मली. ती क्लोन होती, त्या सातांत नसलेल्या विला नावाच्या एका मादीची. २०२४मध्ये विलाच्याच दुसऱ्या क्लोनला, अँटोनियाला, पिल्लं झाली. हरवलेली जनुकं वंशात परतली.

ख्रिस्ती नीतीत याला आडकाठी नाही. कॅथलिक शिकवण प्राण्यांवरचे प्रयोग मर्यादेत मान्य करते, विनाकारण वेदना देणं अमान्य करते. मानवी क्लोनिंगवरची हरकत प्राण्यांना जशीच्या तशी लागत नाही. जलप्रलयानंतर देवाने करार केला तो एकट्या नोहाशी नव्हे, तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक जिवाशी. काळजी वेगळी आहे. नामशेष झालेलं परत आणता येतं असं वाटू लागलं की आज जे जिवंत आहे त्याची किंमत कमी होईल का? प्रेअरी डॉगची बिळं उरली नाहीत तर क्लोन फेरेट सोडायचे कुठे? हे प्रश्न पेशींच्या तंत्राने सुटत नाहीत.

विलाच्या पेशी गोठवून ठेवल्या गेल्या त्या १९८८मध्ये. तेव्हा डॉली जन्मायला आठ वर्षं होती, आणि प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून सस्तन प्राणी जन्माला घालणं अशक्य आहे असंच बहुतेक शास्त्रज्ञ मानत होते. त्या पेशींचा पुढे नेमका काय उपयोग होईल हे सांगता येत नसतानाही कुणीतरी त्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या आणि त्यानंतर बत्तीस वर्षं त्या टाकीतला नायट्रोजन कमी होऊ दिला नाही.